पहिल्यांदा वर्तुळात

विक्का या आधुनिक निसर्गपूजक पंथाच्या खुल्या विधीला पहिल्यांदा जाणाऱ्या माणसाला आधी ज्या सूचना मिळतात, त्या अगदी घरगुती असतात. वेळेवर या, एकदा वर्तुळ आखलं की मध्येच शिरता येणार नाही. लोंबत्या बाह्यांचे कपडे नकोत, जागोजागी मेणबत्त्या असतील. फोन बंद ठेवा, फोटो काढू नका. वेदीवरच्या वस्तूंना विचारल्याशिवाय हात लावू नका. आणि विधीनंतर सगळ्यांनी मिळून जेवायचं आहे, तेव्हा घरून एखादा पदार्थ करून आणा.

जागाही साधीच असते. भाड्याने घेतलेला छोटा हॉल, बागेतला एखादा कोपरा, नाहीतर पुस्तकांच्या दुकानामागची खोली. स्वतःला अभिमानाने ‘विच’ म्हणवून घेणारी माणसं तिथे जमलेली असतात, आणि एरवी ती कचेरीत, रुग्णालयात, शाळेत कामाला जाणारी असतात. काळे झगे आणि उकळत्या कढया बघायला मिळतील अशा कल्पनेने कुणी आलं, तर त्याची निराशा होते. झगे कधीकधी असतात, पण त्याखाली जीन्स असते. कढईसारखं भांडं असलंच, तर त्यात बहुधा पाणी आणि तरंगत्या मेणबत्त्या असतात.

ज्या पंथाच्या पहिल्या पिढीने एकमेकांची नावंसुद्धा बाहेर न सांगण्याची शपथ घेतली होती, तोच पंथ आता जाहीर वर्ग घेतो आणि ऋतूंचे सण चारचौघांत साजरे करतो. बंद दार ते वर्गखोली हा प्रवास साधारण पन्नास वर्षांचा आहे, आणि त्याने हा धर्मच बदलून टाकला.

सुरुवात जेराल्ड गार्डनर या इंग्रज गृहस्थापासून करावी लागते. १८८४ मध्ये लिव्हरपूलजवळ जन्मलेला हा माणूस दम्याने त्रस्त होता. उमेदीची वर्षं त्याने सिलोन, बोर्निओ आणि मलायात मळ्यांवर आणि पुढे सरकारी नोकरीत काढली. मलायातल्या वळणदार क्रिस खंजिरांचा त्याने इतका अभ्यास केला, की १९३६ मध्ये त्यावर एक ग्रंथच लिहिला. त्याच वर्षी निवृत्त होऊन तो इंग्लंडला परतला. १९३९ मध्ये दक्षिण इंग्लंडमधल्या न्यू फॉरेस्ट भागात आपल्याला जुन्या चेटूकधर्माच्या एका गटाने दीक्षा दिली, असं तो पुढे सांगत असे. त्या काळी मार्गारेट मरे या विदुषीचं १९२१ चं पुस्तक गाजत होतं. युरोपात ज्यांना चेटकिणी म्हणून मारलं, ते खरं तर ख्रिस्तपूर्व निसर्गधर्माचे उपासक होते, असा त्या पुस्तकाचा दावा. गार्डनरला वाटलं, तो धर्म अजून जिवंत आहे आणि आपल्याला तो सापडला आहे.

त्यात कायद्याची अडचण होती. ब्रिटनमध्ये १७३५ चा चेटूक कायदा लागू होता. चेटूक खरं असतं असं तो कायदा मानत नव्हता, पण आपल्याला चेटूक येतं असं भासवणं हा गुन्हा होता. १९५१ मध्ये तो रद्द झाला आणि तीन वर्षांनी, १९५४ मध्ये, गार्डनरने ‘विचक्राफ्ट टुडे’ हे पुस्तक छापलं. दरम्यान १९५३ मध्ये डोरीन व्हॅलिएन्टे ही तरुणी त्याच्याकडून दीक्षा घेऊन गटात आली होती. विधींमधली पुष्कळ भाषा तिने नव्याने घडवली. आज जगभर विधींमध्ये देवीच्या मुखी घातलं जाणारं जे भाषण आहे, त्याचं गद्य रूप तिच्या हातचं. २०१३ मध्ये ब्रायटनमध्ये तिच्या राहत्या इमारतीवर स्मृतिफलक लावला गेला. गार्डनर हा या पंथाचा बाप असेल, तर व्हॅलिएन्टे ही त्याला बोलायला शिकवणारी आई आहे, आणि तिचं ऋण सांगितल्याशिवाय पुढे जाणारे वर्ग अपुरे वाटतात.

गार्डनरच्या पद्धतीत मात्र बाहेरच्याला प्रवेश सोपा नव्हता. गटाला ‘कोव्हन’ म्हणत, सभासद फार तर तेरा. उमेदवाराने एक वर्ष आणि एक दिवस थांबायचं, मग पहिली दीक्षा. पुढे दुसरी, तिसरी. विधी विवस्त्र करायचे. मंत्र आणि कृती ‘बुक ऑफ शॅडोज’ नावाच्या वहीत स्वतःच्या हाताने उतरवून घ्यायच्या. शिकण्याचा मार्ग म्हणजे गुरूच्या पायाशी बसणं, आणि गुरू शोधायचा म्हणजे ओळखीचा धागा पकडून पत्रं लिहीत राहणं. रेमंड बकलँड या न्यूयॉर्कजवळ राहणाऱ्या इंग्रजाने गार्डनरशी असाच पत्रव्यवहार केला, स्कॉटलंडला जाऊन दीक्षा घेतली आणि १९६० च्या दशकात ही परंपरा अमेरिकेत नेली.

अमेरिकेत तिचं रूप पालटलं. तिथे देश मोठा, माणसं दूरदूर आणि स्त्रीमुक्तीची व पर्यावरणाची चळवळ ऐन भरात. एका कोव्हनमध्ये तेरा माणसं घेऊन एवढ्या लोकांची या धर्माची भूक भागणार नव्हती. १९७४ मध्ये सेलेना फॉक्स यांनी विस्कॉन्सिनमध्ये ‘सर्कल’ ही संस्था सुरू केली. पुढे तिने सुमारे २०० एकर जमीन निसर्गासाठी राखून तिथेच सण साजरे करायला सुरुवात केली. १९७९ हे वर्ष तर या इतिहासात ठळक अक्षरांत लिहावं असं आहे. त्या वर्षी टोरांटोत रिचर्ड आणि टमारा जेम्स यांनी विक्कन चर्च ऑफ कॅनडा स्थापन केलं आणि कुणीही यावं असे विधी ठेवायला सुरुवात केली. न्यूयॉर्कच्या पत्रकार मार्गो अ‍ॅडलर यांचं या साऱ्या चळवळीची पाहणी करणारं ‘ड्रॉइंग डाउन द मून’ त्याच वर्षी आलं. आणि सॅन फ्रान्सिस्कोत स्टारहॉक या टोपणनावाने लिहिणाऱ्या मिरियम सिमोस यांचं ‘द स्पायरल डान्स’ही त्याच वर्षी प्रसिद्ध झालं.

बकलँडने १९८६ मध्ये आणखी एक पाऊल टाकलं. त्याचं निळ्या मुखपृष्ठाचं जाडजूड पुस्तक चक्क पंधरा धड्यांत विभागलेलं होतं आणि धड्याशेवटी प्रश्न होते, शाळेच्या पाठ्यपुस्तकासारखे. दोन वर्षांनी स्कॉट कनिंगहॅम यांनी एकट्याने उपासना करणाऱ्यांसाठी पुस्तक लिहिलं. दीक्षा नाही, गुरू नाही तरी चालेल, हे त्यात स्वच्छ मांडलेलं होतं. ज्यांनी शपथा घेतल्या होत्या, त्यांना हे रुचलं नाही. आजही गार्डनरच्या परंपरेतली जुनी मंडळी सांगतात, की खुल्या वर्गात शिकवतात तो बाहेरचा अंगणाचा भाग, गाभारा वेगळा. त्यांचं म्हणणं चूक नाही. पण अंगणच नसतं तर आज हा धर्म काही शे माणसांपुरता उरला असता.

खुल्या वर्गात नेमकं काय शिकवतात? सॅन फ्रान्सिस्कोचं उदाहरण घेऊ. स्टारहॉक आणि डायान बेकर यांनी १९८० च्या सुमारास शिकवायला घेतलेल्या वर्गांतून तिथे ‘रिक्लेमिंग’ नावाची परंपरा उभी राहिली. तिचा पायाभूत वर्ग ‘एलिमेंट्स ऑफ मॅजिक’ या नावाने अमेरिकेत, युरोपात, ऑस्ट्रेलियात घेतला जातो. वायू, अग्नी, जल, पृथ्वी आणि आत्मतत्त्व अशी त्याची मांडणी. मराठी वाचकाला इथे पंचमहाभूतं आठवतील. पण आकाशाच्या जागी आत्मतत्त्व आहे आणि हा विचार ग्रीक परंपरेतून युरोपात आलेला आहे. शिकवायला शक्यतो दोन जण असतात. एकाच माणसाच्या शब्दाला वेदवाक्याचं वजन येऊ नये, ही त्यामागची भूमिका आणि ती फार शहाणपणाची आहे. फी ऐपतीप्रमाणे कमीजास्त. पैसे नाहीत म्हणून कुणाला परत पाठवायचं नाही, हा दंडक.

पहिल्या संध्याकाळी मंत्रतंत्र नसतं. मंडळी गोलात बसतात, नाव सांगतात, इथे का आलो ते सांगतात. मग डोळे मिटून बसायचं. आपल्या पाठीच्या कण्यातून मुळं फुटली आहेत, ती जमिनीत खोल चालली आहेत, तिथून रस वर चढतो आहे, डोक्यावर फांद्या पसरल्या आहेत, असं मनात आणायचं. याला ते ‘ग्राउंडिंग’ म्हणतात आणि प्रत्येक विधीच्या आरंभी ते करतात. पुढच्या आठवड्यांत ज्योतीकडे पाहत राहणं, श्वास, गाणं, वेदी मांडणं, वर्तुळ आखणं, चंद्राच्या कला, वर्षातले सण, आणि या पंथाचा मुख्य नीतिनियम: कुणाला इजा होत नसेल तोवर माणसाला आपल्या मनाप्रमाणे वागण्याची मोकळीक आहे. शेवटच्या दिवशी विद्यार्थीच मिळून एक विधी रचतात आणि करतात. बहुतेक नवखे पाठांतराच्या भीतीने येतात. त्यांना कळतं की इथे ठरलेली पोथी अशी नाहीच.

श्रद्धेची अट नसते, हे अनेकांना गोंधळात टाकतं. देवी खरी आहे का, की ते मनाचं रूपक आहे, की निसर्गाचं नाव आहे? एकाच गोलात बसलेली तीन माणसं याची तीन उत्तरं देतील आणि हातात हात घालून नाचतील. आधी करा, मग काय वाटतं ते पाहा, असा इथला क्रम आहे. ‘विक्का म्हणजे काय मानायचं’ हा प्रश्न घेऊन आलेल्याला उत्तर मिळत नाही; ‘विक्का म्हणजे काय करायचं’ असं विचारणाऱ्याला पहिल्या तासापासून मिळतं.

ही गोष्ट अभ्यासकाच्या नजरेने टिपली ती टान्या लुहरमान यांनी. ऐंशीच्या दशकात या मानववंशशास्त्रज्ञ लंडनमध्ये राहिल्या, तिथल्या विक्का आणि जादूच्या अनेक गटांत स्वतः सामील झाल्या, वर्ग केले, विधी केले. शिकलेली, चांगल्या नोकऱ्या करणारी, संगणकाच्या क्षेत्रातलीसुद्धा माणसं जादूवर विश्वास कशी ठेवू लागतात, हा त्यांचा प्रश्न होता. १९८९ मध्ये आलेल्या त्यांच्या ग्रंथाचं उत्तर असं, की हे एका रात्रीत घडत नाही. माणूस आधी विधीत भाग घेतो. मग त्याला नवे शब्द मिळतात. मग पूर्वी ज्याकडे लक्ष गेलं नसतं असे योगायोग, स्वप्नं, अंगावर आलेला शहारा त्याच्या नजरेत भरू लागतात, आणि अर्थ लावण्याची रीत हळूहळू सरकत जाते. या सरकण्याला त्यांनी ‘इंटरप्रिटिव्ह ड्रिफ्ट’ असं नाव दिलं. वारीला पहिल्या वर्षी नुसता सोबत म्हणून गेलेला आणि चौथ्या वर्षी माळ घातलेला माणूस ज्याने पाहिला आहे, त्याला हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही. लुहरमान यांचा पुढचा मोठा अभ्यास मुंबईतल्या पारशी समाजावर होता, त्याचं पुस्तक १९९६ मध्ये आलं. लंडनच्या वर्तुळांकडे आणि मुंबईच्या पारशांकडे बघणारी नजर एकच होती.

आता विधी. गोल करून उभं राहायचं. मिठाचं पाणी शिंपडून, धूप फिरवून जागा शुद्ध करतात. मग एक जण घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरत वर्तुळ आखतो, बोटाने, काठीने किंवा ‘अथामे’ नावाच्या सुऱ्याने. या सुऱ्याने काही कापायचं नसतं. खंजिरांच्या अभ्यासकाने घडवलेल्या धर्मात त्याला मानाची जागा मिळाली यात नवल नाही. त्यानंतर चारी दिशांना आवाहन: पूर्वेला वायू, दक्षिणेला अग्नी, पश्चिमेला जल, उत्तरेला पृथ्वी. सगळे त्या त्या दिशेकडे तोंड करून उभे राहतात. आपल्याकडे पूजेआधी दिग्बंध करतात त्याची यावरून आठवण होईल, पण हा क्रम एकोणिसाव्या शतकातल्या ब्रिटिश गूढविद्या मंडळांकडून गार्डनरपर्यंत पोचला. मग देवी आणि देव यांना बोलावणं. मग त्या दिवसाचं मुख्य काम.

मुख्य काम म्हणजे बहुधा गाणं आणि नाच. छोटी दोन-चार ओळींची धून, पुन्हा पुन्हा म्हटलेली, लय वाढत जाणारी, हात धरलेले, पाय फिरणारे, आणि एका क्षणी एकदम थांबणं. या वाढवत नेलेल्या लयीतून शक्ती शंकूसारखी वर उठते आणि ती एखाद्या हेतूकडे सोडता येते, असं ते मानतात: कुणी आजारी आहे त्याच्यासाठी, एखादी नदी वाचावी म्हणून. मग सगळे खाली बसून तळवे जमिनीला टेकवतात. उरलेली शक्ती जमिनीला परत द्यायची. यानंतर पाव किंवा केक आणि पेय गोलात फिरवतात; खुल्या विधींत वाइनबरोबर फळांचा रस ठेवलेला असतो. शेवटी दिशांचे आभार, वर्तुळ उघडणं, आणि पुन्हा आनंदाने भेटू असा निरोप. मध्येच बाहेर जावं लागलं तर कुणाला तरी खूण करावी. ती व्यक्ती हवेत दाराचा आकार आखते, बाहेर सोडते आणि दार पुन्हा बंद करते. हा शिष्टाचार पहिल्यांदा बघणाऱ्याच्या लक्षात राहतो.

वर्षात असे आठ सण. अयनदिन दोन, संपातदिन दोन आणि त्यांच्या मधले चार. १ ऑगस्टला पहिल्या धान्याची भाकरी, १ किंवा २ फेब्रुवारीला मेणबत्त्यांचा सण, १ मेला फितींच्या खांबाभोवती नाच, सप्टेंबरच्या संपाताला सफरचंदं. हिवाळी अयनदिनाला, साधारण २१ डिसेंबरला, वर्षाच्या दोन अर्ध्या भागांवर राज्य करणाऱ्या ओक राजा आणि होली राजा यांची लुटुपुटूची लढाई कधीकधी सादर होते. ही कल्पना कवी रॉबर्ट ग्रेव्ह्ज यांच्या १९४८ च्या एका पुस्तकातून आली. हे आठ आऱ्यांचं चक्र अख्खं असं जुन्या युरोपात कुणी पाळत नव्हतं. त्याची जुळणी १९५० च्या दशकात झाली. सप्टेंबरच्या सणाला ‘मेबन’ हे नाव तर एडन केली या अमेरिकन लेखकाने १९७० च्या दशकात दिलं. ऑस्ट्रेलियात हे सगळं सहा महिन्यांनी उलटं होतं, कारण तिथे डिसेंबरात उन्हाळा. काही गट तिथे वर्तुळही उलट दिशेने आखतात. आकाशात सूर्य उत्तरेकडून जाताना दिसतो आणि त्याच्या मागे जायचं तर डावीकडे वळावं लागतं. आपल्या डोक्यावरचं आकाश पाहून धर्माचं पंचांग दुरुस्त करायची ही तयारी या पंथातली सगळ्यात लोभस गोष्ट आहे.

सणांमध्ये मोठा ३१ ऑक्टोबरचा. लिहिताना ‘सामहेन’सारखा दिसणारा आणि उच्चारताना ‘साविन’ होणारा. या रात्री मेलेले आणि जिवंत यांच्यातला पडदा विरळ होतो, अशी समजूत. वेदीवर गेलेल्या माणसांचे फोटो ठेवतात. काही गट त्या दिवशी एक शब्दही न बोलता जेवतात आणि एक ताट गेलेल्यांसाठी वाढून ठेवतात. पितृपक्षात पितरांचं पान वेगळं वाढणाऱ्या घरातून आलेल्याला त्या ताटाकडे बघून क्षणभर घरी असल्यासारखं वाटेल.

सॅन फ्रान्सिस्कोत हा सण शेकडो, कधी हजाराहून अधिक माणसांचा असतो. स्टारहॉक यांच्या पुस्तकाच्या प्रकाशनाच्या निमित्ताने १९७९ मध्ये तो पहिल्यांदा झाला आणि त्याचं नावही पुस्तकाचंच: स्पायरल डान्स. बरीच वर्षं तो गोल्डन गेट पार्कच्या कडेला केझार पॅव्हिलियन या क्रीडागृहात होत असे. आत शिरताच चार दिशांना चार मोठ्या वेद्या, प्रत्येक स्वयंसेवकांनी दिवसभर खपून सजवलेली. वर्षभरात गेलेल्यांची नावं मोठ्याने वाचली जातात. मग त्या वर्षी जन्मलेल्या बाळांचीही. त्यानंतर नाच. सगळे हात धरून एक लांबच लांब साखळी करतात आणि पुढचा माणूस साखळीला आत आत नेत केंद्रापर्यंत जातो. तिथे पोचल्यावर तो उलटा वळतो. मग आत जाणारी रांग आणि बाहेर येणारी रांग समोरासमोर येतात आणि प्रत्येक माणूस प्रत्येक माणसाच्या चेहऱ्यासमोरून जातो. त्यात अनोळखी असतात, रडून डोळे लाल झालेले असतात, हसणारे असतात. नवखा इथे प्रेक्षक राहू शकत नाही, कारण तो या साखळीतला एक हात असतो. एवढ्या माणसांना एकमेकांचे चेहरे बघायला लावणारा विधी आधुनिक शहरांत फार थोडा उरला आहे.

इतकं असूनही दारावर डोळे उघडे ठेवावेच लागतात. वर्ग घ्यायला इथे कुणाची परवानगी लागत नाही, त्यामुळे चांगले शिक्षक आहेत तसे स्वयंघोषितही आहेत. पहिली कसोटी इतिहासाची. शिक्षकाने जर विक्का हजारो वर्षं अखंड चालत आली आहे, किंवा युरोपात नव्वद लाख चेटकिणी जाळल्या, असं सांगितलं तर त्याने बऱ्याच वर्षांत काही वाचलेलं नाही असं समजावं. इतिहासकारांच्या हिशेबात ती संख्या सुमारे ४० ते ६० हजार आहे. मारल्या गेलेल्यांत पुरुषही होते, आणि बहुतेक सगळे स्वतःला ख्रिस्तीच समजत होते. मरे बाईंचा सिद्धांत अभ्यासकांनी केव्हाच बाजूला ठेवला. ब्रिस्टल विद्यापीठाचे रोनाल्ड हटन यांनी १९९९ च्या ‘द ट्रायम्फ ऑफ द मून’मध्ये या पंथाचा विसाव्या शतकातला जन्म पुराव्यांनिशी मांडला, तोही आदराने. आज अनेक विक्कन शिक्षक हेच पुस्तक विद्यार्थ्यांच्या हाती देतात. आपला धर्म नवा आहे हे कबूल करून तो मनापासून पाळणं, यात मोठं बळ आहे.

दुसरी कसोटी पैशाची. हॉलचं भाडं, साहित्याचा खर्च, वर्गाची माफक फी ठीक. पण गार्डनरच्या परंपरेत दीक्षेसाठी पैसे घेणं निषिद्ध आहे, आणि कुणी दीक्षेचे दर सांगू लागला तर उठून यावं. तिसरी कसोटी शरीराची. खुले विधी कपड्यांतच होतात. स्पर्श, मिठी, हात धरणं यालाही नाही म्हणता येतं, आणि चांगल्या गटात हे आधीच सांगतात. अनेक वर्ग अठरा वर्षांखालच्यांना पालकांच्या संमतीशिवाय घेतच नाहीत. अमेरिकेतल्या आयझॅक बोनविट्स या अभ्यासकाने, ज्याला १९७० मध्ये बर्कली विद्यापीठातून चक्क ‘मॅजिक’ विषयात पदवी मिळाली होती, १९७९ मध्ये धोकादायक पंथ ओळखण्याची एक गुणपत्रिकाच तयार केली. पुढारी किती हुकूम गाजवतो, पैसे किती मागतो, लैंगिक गैरफायदा घेतला जातो का, बाहेरच्या मित्रांपासून तोडलं जातं का, सोडून जाणाऱ्याला किती त्रास देतात. प्रत्येकाला एक ते दहा गुण. ही गुणपत्रिका विक्काच काय, आपल्याकडच्या कुठल्याही बाबा-बुवाच्या मठालाही लावून पाहावी अशी आहे.

कायद्याने या पंथाला जागा दिली तीही भांडूनच. १९८६ मध्ये व्हर्जिनियातल्या एका कैद्याच्या खटल्यात अमेरिकेच्या अपील न्यायालयाने विक्का हा धर्म असल्याचं मान्य केलं. अफगाणिस्तानात २००५ मध्ये मारला गेलेला सार्जंट पॅट्रिक स्टुअर्ट विक्कन होता. त्याच्या स्मृतिफलकावर पंचकोनी तारा कोरावा म्हणून त्याची पत्नी आणि इतर कुटुंबं झगडली, आणि २००७ च्या एप्रिलमध्ये सरकारने ते चिन्ह स्वीकारलं. इंग्लंड आणि वेल्सच्या २०२१ च्या जनगणनेत सुमारे १३ हजार लोकांनी आपला धर्म विक्का असा लिहिला, तर सुमारे ७४ हजारांनी ‘पेगन’ असा, अशा सगळ्या निसर्गपंथांना कवेत घेणारा व्यापक शब्द.

मराठीत या विषयावर लिहिताना एक शब्द घशात अडकतो. ‘विच’ला आपल्याकडे चेटकीण म्हणतात. गोष्टीतली चेटकीण लहान मुलांना हसवते, पण नंदुरबारच्या सातपुड्यात ‘डाकीण’ ठरवलेल्या बाईला गाव मारतं, हाकलतं, तिची जमीन जाते. अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते त्या गावांत वर्षानुवर्षं या प्रथेविरुद्ध काम करत आले आहेत, आणि समितीचे संस्थापक डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर २०१३ मध्ये महाराष्ट्राला जादूटोणाविरोधी कायदा मिळाला. लंडनची बाई हा शब्द अभिमानाने स्वतःला लावते, तेव्हा तिच्या डोक्यावर दगड पडणार नसतो. सातपुड्यातल्या बाईला तो शब्द दुसऱ्यांनी लावलेला असतो. हा फरक पुसला जाता कामा नये, म्हणून या लेखात त्या उपासकांना विक्कन म्हटलं आहे. कोलकात्याच्या इप्सिता रॉय चक्रवर्ती यांनी १९८० च्या दशकात स्वतःला जाहीरपणे विच म्हणवून घेतलं, ‘बिलव्हेड विच’ हे आत्मचरित्र लिहिलं, आणि डाकीण ठरवून छळल्या जाणाऱ्या ग्रामीण बायकांची बाजूही घेतली. दोन्ही टोकं एका आयुष्यात धरण्याचा तो प्रयत्न होता.

शिक्षणा-नोकरीसाठी परदेशी गेलेल्या मराठी मुलामुलींना विद्यापीठाच्या फलकावर किंवा पुस्तकांच्या दुकानात अशा वर्गाची चिठ्ठी दिसते आणि कुतूहल वाटतं. त्यांनी थेट दीक्षेच्या गोष्टी करणाऱ्या गटाकडे न जाता आधी उघड्यावरच्या कार्यक्रमाला जावं. ब्रिटनमध्ये ‘मूट’ नावाने महिन्याला एकदा पबमध्ये गप्पांची बैठक भरते. तिथे कोकाकोला घेऊन नुसतं ऐकत बसलं तरी चालतं. उत्तर अमेरिकेत सप्टेंबरच्या आसपास शहरोशहरी बागांमधून ‘पेगन प्राइड’चे दिवस होतात. तिथे एक जाहीर विधी असतो आणि गरजूंसाठी धान्य व डबाबंद अन्न गोळा करणं हा त्या दिवसाचा ठरलेला भाग असतो, तेव्हा एखादी डाळीची पिशवी बरोबर न्यावी. विधीत उभं राहायचं नसेल तर तसं सांगून बाहेर थांबावं, त्यात कुणाला गैर वाटत नाही. घरून पदार्थ न्यायचा असेल तर त्यात काय काय आहे ते डब्यावर लिहावं. कोशिंबिरीत दाण्याचं कूट घातलं असेल तर ते सगळ्यात वर, ठळक अक्षरांत लिहावं. तिकडे दाण्याची अ‍ॅलर्जी असलेली माणसं बरीच असतात.